धुऱ्यावर थांबणारी कुत्री

कुही तालुक्यात, उमरेड रोडवरून आत गेलं की आमचं वावर आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीला विहिरीत पाणी राहिलं तर चना. पूर्वेला नाला, नाल्यापलीकडे झुडपी जंगल. तेच जंगल पुढे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला सरकत जातं, पण रानडुकरांना तेवढ्या लांबून यायची गरज पडत नाही. ती नाल्याकाठच्या रायमुनियाच्या जाळीतच दिवस काढतात आणि अंधार पडला की आमच्याकडे येतात.

वडील गेल्यावर वावर माझ्या आणि भावाच्या अंगावर आलं. भावाची बुटीबोरीला शिफ्ट, मी नागपुरात दिघोरीला राहते. आळीपाळीने जातो, बाकी सगळं सालदारावर. भुईमूग तर वडील असतानाच डुकरांपायी सोडून दिला होता. चन्याचे घाटे भरायला लागले की कळप उतरतो. खातात त्यापेक्षा नासवतात जास्त. सकाळी जाऊन पाहावं तर घाटे चघळून टाकलेले, झाडं मुळासकट उलथलेली आणि मधेच लोळून लोळून केलेला चांगला खाटेएवढा खड्डा.

उपाय सगळे करून झाले होते. धुऱ्याने, म्हणजे वावराच्या बांधाने, जुन्या साड्या बांधल्या. सलूनमधून केसांची पोती आणून बांधावर पसरली, कारण डुक्कर नाकावर चालतं आणि केस नाकात गेले की मागे फिरतं असं सगळे सांगतात. पहिल्या पावसाने केस मातीत गेले. बार काढणारी पाईपची कार्बाइड गन घेतली, वाघाच्या डरकाळीचा भोंगा लावला. आठवडाभरात डुकरं भोंग्याच्या खालीच चरत होती. सोलरच्या तारेचा झटका चांगला, पण पावसाळ्यात गवत तारेला लागलं की झटका मरतो आणि गवत रोज काढायला माणूस कुठून आणायचा? काही जण मेन लायनीवर आकडा टाकून तार सोडतात. त्यात डुकराआधी माणूस मरतो, नाही तर वाघ मरतो. तो विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

कुत्र्यांचं डोक्यात भावाने भरवलं. तो रात्र रात्र अमेरिकेतल्या डुक्कर शिकारीचे व्हिडिओ बघायचा. तिकडे टेक्साससारख्या राज्यांत डुक्कर मूळचं नाहीच. युरोपातून आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, त्यांची संख्या वाढली आणि आता ती शेतीची वैरी आहेत. त्यामुळे तिथे कुत्री घेऊन शिकार चालते. त्यांच्याकडे दोन जातीची कामं असतात. एक कुत्रं डुकराला गाठून लांबून भुंकत अडवून धरतं, दुसरं जाऊन कान धरतं. धरणाऱ्याला जाड कापडाचं चिलखत घालतात, गळ्यात जीपीएसचा पट्टा. भाऊ म्हणाला, आपणही दोन पिल्लं तयार करू. मी म्हटलं, आधी विचारू तरी कुणाला.

विचारलं ते गावातल्या एका आबांना. वय पंच्याहत्तरच्या पुढे. पोरवयात बापासोबत भाले आणि कुत्री घेऊन डुकराच्या शिकारीला गेलेले. आता फक्त त्यांची चांदी नावाची म्हातारी कुत्री आणि तिची जागल. भावाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आबांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"भाऊ, धरणारं कुत्रं लय दिवस जगत नाही. आमच्या बापाचे सगळे असेच गेले. आन् ताई, डुकरामांगं धावाले कुत्र्याले शिकवा लागत नाही. थांबाले शिकवा लागते."

बीटच्या वनरक्षकाकडे गेलो तेव्हा हेच वाक्य कायद्याच्या भाषेत ऐकायला मिळालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, पाठलाग करणं, हाका घालणं, आमिष लावणं, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली वनविभागाचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, पण तो त्यांचा अधिकार, आपला नाही. नुकसान झालं तर फोटो, सातबारा, अर्ज, पंचनामा असा रस्ता आहे. वनरक्षक भला माणूस. त्याने आमच्यासाठी सोपं करून सांगितलं : कुत्रं तुमच्या वावरात उभं राहून भुंकलं तर ती राखण. नाल्यापलीकडे डुकराच्या मागे गेलं तर मला यावं लागेल.

म्हणजे आमचं काम व्हिडिओतल्या लोकांच्या नेमकं उलटं होतं. भावाचा उत्साह तिथे जरा बसला. माझा वाढला.

पिल्लं दिवाळीनंतर मिळाली. गावठी कुत्र्या साधारण त्याच सुमाराला वितात. भावाला कारवानी हवं होतं. आबांनी एका वाक्यात निकाल लावला : ते दिसलं की धावतं आणि तुरीत रात्री दिसतं काय? खरंच आहे. कारवानी किंवा मुधोळ हे नजरेवर पळणारं कुत्रं, मोकळ्या माळावर सशामागे त्याच्यासारखं दुसरं नाही. तमिळनाडूचं राजपालयम पूर्वी डुकराच्या शिकारीला वापरत, पण ते पडलं धरणाऱ्यांतलं. आम्हाला हवं होतं नाकाचं, कानाचं आणि थोडं भित्रं.

थोडं भित्रं हे आबांचेच शब्द. ग्रामपंचायतीमागे एक कुत्री व्यालेली होती, रात्री आल्यागेल्यावर भुंकण्यात गावात पहिली. आबांनी आधी आई पाहिली, मग पिल्लं. पिल्लं दोनेक महिन्यांची झाल्यावर त्यांनी तुराट्यांचा एक भारा दोराला बांधला आणि पिल्लांसमोरून खरडत ओढत नेला. एक पिल्लू धावत येऊन दोरालाच लटकलं. मला तेच आवडलं, इतकं शूर! आबांनी मान हलवली. "हे धरणारं निघंल." एक पिल्लू ओट्याखाली शिरलं ते शिरलंच. राहिलेली दोघं चार पावलं मागे सरली, मानेवरचे केस फुलले आणि मग भाऱ्याला वळसा घालत, अंतर राखून, गळा फाटेस्तोवर भुंकायला लागली. आबांनी दोर हातातून सोडला. तीच दोन घेतली. नर टिकल्या, मादी मैना.

दोघांना संत्र्याच्या क्रेटमध्ये घालून नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. गावात यावर बरीच थट्टा झाली. गावठी कुत्र्याला कुठे लस देतात! पण जागलीच्या कुत्र्यालाच लस जास्त लागते. ज्या नाल्यात डुकरं लोळतात आणि मुततात, तिथलंच पाणी ही पिणार, आणि लेप्टो हा रोग तसाच पसरतो. डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो या रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर. रेबीजची तीन महिने झाल्यावर, पुढे दरवर्षी. जंताचं औषध वेगळं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, जे माझ्या डोक्यातही नव्हतं : लस न दिलेलं कुत्रं जंगलाकाठी फिरलं तर डिस्टेंपर रानातल्या जनावरांपर्यंत पोहोचतो. गोचिडांवरही ते बराच वेळ बोलले. गोचीड तापाने कुत्रं नाकातून रक्त येऊन जातं, तेव्हा कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघायचं.

मग सुरू झाली ताटली. स्टीलची एक जुनी ताटली आणि उलटा चमचा. ताकातली भाकर वाढायच्या आधी ताटली वाजवायची, दरवेळी, न चुकता. आधी खोपडीजवळ, म्हणजे वावरातल्या झोपडीजवळ, मग वावराच्या चारही कोपऱ्यांतून. पंधरवड्यात ताटली वाजली की दोघं जिथे असतील तिथून सुटायची. आबा म्हणाले, हे काही शिकलं नाही, ही भूक आहे. खरी परीक्षा पोट भरलेलं असताना आणि समोर खारूताई असताना. तेव्हा आलं तर गुळाचा खडा. आलं नाही तर ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. उशिरा आलं तरी आलं म्हणून गूळ. परत आल्यावर मार खाल्लेलं कुत्रं दुसऱ्या वेळी येत नाही.

धुऱ्याचं शिक्षण त्याहून कंटाळवाणं. पोहऱ्याचा जुना लांब दोर गळ्यात, दिवस मावळताना आणि उजाडताना वावराला फेरी. धुऱ्याच्या आत काहीही हुंगा, उकरा, मुता. पाय धुऱ्यावर पडला की दोर ताणायचा, "हांऽ" म्हणायचं आणि आत वळायचं. रोज तेच. सालदार हसायचा, कुत्री फिरवायला नागपूरहून बाई येते म्हणून. पण चार-पाच महिन्यांनी दोर नुसता मागे घासत असताना मैना धुऱ्यावर आली, थांबली आणि माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा हसणं बंद झालं. गावातल्या बकऱ्या, कोंबड्या, मोकाट पाळीव डुकरं, सगळ्यांमधून त्यांना मुद्दाम फिरवलं. पाळीव डुकरावर भुंकलं की वळवून आणायचं. ते एखाद्याचं पोट असतं.

आता वास. डुकराचा माग चिखलात सोपा असतो : पुढे दोन खूर आणि मागे बाजूला दोन लहान खुणा. पण कुत्र्याला माग डोळ्याने नको. नाल्याच्या काठावर एक पळस आहे, लोळून आल्यावर डुकरं त्याच्या खोडाला अंग घासतात. गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखलाचा पापुद्रा बसलेला आणि त्यात टोकाला दुभंगलेले राठ केस रुतलेले. आबांनी विळ्याने तो चिखल खरवडला, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि आतल्या बाजूने धुऱ्याला कुठे कुठे लपवला. दोन्ही पिल्लांनी तो तुकडा शोधला की भुंकायचं, भुंकलं की ताटली, ताटलीला आलं की गूळ. हा खेळ त्यांना इतका आवडला की सालदाराच्या पायताणाला तो वास लागला तर त्याच्यावरही भुंकायची. काही गावांत जिवंत डुकराचं पिल्लू बांधून कुत्र्यांना त्यावर सोडतात. ते गुन्ह्यातही बसतं आणि त्यातून कुत्रं धरायलाच शिकतं.

दात पडून नवे येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, रात्री बाहेर काढायचं नाही ही आबांची अट. व्हिडिओतली माणसंही हेच सांगत होती, यावर भाऊ खूश झाला. कोवळ्या वयात मोठ्या डुकराची एक धडक बसली तर अंग भरून येतं, मन भरून येत नाही. आणि पहिल्या रात्री दोघांना एकत्र, एकटं सोडायचं नाही. एकेकाला म्हाताऱ्या कुत्रीसोबत.

मृगाच्या पावसानंतर पेरणी झाली, मग उघडीप पडली. त्या दिवसांत चांदी आमच्या वावरात मुक्कामाला आली. पहिली पाळी मैनेची. मचाणावर मी, भाऊ आणि आबा, खाली सालदार टॉर्च घेऊन. बारा वाजून गेल्यावर नाल्याकडून आधी काहीच ऐकू आलं नाही, फक्त बेडूक गप्प झाले. मग ओल्या मातीत नाक खुपसून फुसकारल्यासारखा आवाज, आणि लगेच दुसरीकडून तसाच. चांदी उठली. धावली नाही. चालत गेली, डुकरं असतील तिथून पंधरा-वीस पावलांवर उभी राहिली आणि भुंकायला लागली, एका लयीत, न थांबता. मैना तिच्या मागच्या पायांना चिकटून. डुक्कर आधी चिडतं, पळत नाही. एक मोठी मादी पुढे चालून आली, टॉर्चमध्ये तिचे कान आणि पाठीवरचे उभे केस तेवढे दिसले. चांदी तेवढंच मागे आली, मादी थांबली, चांदी पुन्हा पुढे. ही देवाणघेवाण बराच वेळ चालली. मग मैनेचा आवाज फुटला. बारीक, चिरका, पण फुटला. कळप हुर्र करून नाल्याकडे वळला आणि ढेकळं उडवत गेला.

चांदी धुऱ्यावर थांबली. मैना थांबली नाही. नाल्यातून तिचं भुंकणं लांब लांब जाताना ऐकू येत होतं आणि मी ताटली बडवत होते, चमचा वाकेपर्यंत. आबा म्हणाले, वाजवत राहा, तोंडाने ओरडू नका, तुमच्या आवाजात भेव आहे. ती आली. पोटापर्यंत चिखल, जीभ बाहेर. गूळ खाल्ला आणि चांदीच्या अंगावर जाऊन पडली.

टिकल्याची पाळी आली तेव्हा तो मचाणाखाली बसून राहिला. आबांनी त्याला ओढूही दिलं नाही आणि चुचकारूही दिलं नाही. बसू द्या, ऐकू द्या. बऱ्याच रात्री नुसतं ऐकल्यावर एकदा आपणहून उठला. पुढे तोच जास्त भरवशाचा निघाला. मैनेला अजूनही धुऱ्यावर दोनदा ताटली लागते, टिकल्याला एकदाही नाही.

त्याला लागलं ते चन्याच्या दिवसांत. शेजारच्या वावराला झटक्याची तार आणि आमची विहिरीची भिंत यांच्या कोपऱ्यात एक एकटा नर सापडला. कळपातून फुटलेला मोठा नर वाईट असतो. खालचे सुळे वरच्यांवर घासून त्यांना सतत धार असते आणि तो चावत नाही, मान खाली घालून वर उचकतो. टिकल्या अंतर राखूनच होता, पण डुकराला बाहेर पडायला वाट नव्हती, ती त्याने टिकल्यामधून काढली. मांडीला दोन बोटांचं भोक. रक्त फार नव्हतं. गावात हळद, चुना, तंबाखू, सगळे सल्ले आले. आम्ही मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलं, स्वच्छ कापड दाबून धरलं आणि उजाडायच्या आत गाडीवर घालून नागपूर गाठलं. डॉक्टरांनी सळई आत घातली तेव्हा ती कातडीखाली तळहातभर गेली. सुळ्याची जखम वरून लहान आणि आतून पोकळ असते, वरून शिवून टाकली तर आत पू धरते. त्यांनी आत नळी ठेवली, अर्धंच शिवलं. आता त्या कोपऱ्यात आम्ही चना घेत नाही, तिथून नाल्याकडे डुकराला जायला रुंद पट्टा मोकळा सोडलाय. बाहेर जायची वाट असली की डुक्कर कुत्र्याशी भांडत बसत नाही.

बरा झाल्यावर त्याला थेट रात्री नाही नेलं. आधी दिवसा, मग पुन्हा चांदीसोबत.

डुकरापेक्षा मला धास्ती बिबटाची. बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबटाला आमंत्रण. म्हणून वावरात कुत्री कधीच बांधून ठेवत नाही. खोपडीच्या खालच्या भागाला जाळी आणि कडीचं दार केलंय, आम्ही झोपलेलो असताना ती आत. लोहाराकडून खिळ्यांचे पट्टे करून घेतले, मान तरी वाचेल. आणि वाघ फिरतोय असा वनविभागाचा निरोप आला की त्या रात्री जागल नाही, ना कुत्र्यांची ना आमची. चना जाऊ द्या. कुत्र्यांच्या मागे तुरीत पायी शिरायचं नाही हा नियम तर भावाने स्वतःच केला, एकदा दहा फुटांवरून अख्खा कळप गेल्यावर. सगळ्यांत पुढे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं होती आणि पिल्लांमागे आई असते.

नुकसान शून्यावर आलं असं नाही. पावसाच्या जोरात कुत्र्यांना वास मिळत नाही, त्या रात्री डुकरं येऊन जातात. पण गेल्या रब्बीला चन्याची मळणी झाली आणि पोती घरी आली, ही आमच्याकडे नवलाई होती.

डुकरं अर्थातच शेजाऱ्यांकडे वळली. त्यांच्या बाजूची तार त्या कोपऱ्यापुरतीच. आधी बोलणं बंद झालं, मग एक दिवस शेजारचे काका स्वतः आले, म्हणाले आम्हालाही दोन पिल्लं पाहून द्या. आबांनी पुन्हा तुराट्यांचा भारा ओढला. काकांनी सगळं आमच्यासारखंच केलं, ताटलीसुद्धा स्टीलचीच घेतली. परिणाम असा की संध्याकाळी त्यांच्याकडे ताटली वाजली की मैना आणि टिकल्या आमचा धुरा ओलांडून त्यांच्या अंगणात भाकरीला हजर. धुऱ्याचं सगळं शिक्षण ताकात बुडालं. शेवटी काकांनी ताटली आम्हाला सोडली आणि बैलाच्या गळ्यातली जुनी घाटी काढून ती वाजवायला सुरुवात केली. त्यांची पिल्लं आता घाटीला येतात. बैलही येतो.